डिझेल गाडी रीमॅपला नेताय? आधी ही तयारी करा

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवणं, करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती पीएस (अश्वशक्ती) वाढतील? माझा आग्रह असा, की त्याआधी आज किती आहेत ते मोजून घ्या. आधीचा डायनो (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) आलेख हातात नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार? ब्रोशरमधला आकडा इंजिनाच्या क्रँकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचा असतो. डायनो मोजतो चाकावर, आणि मधे गिअरबॉक्समध्ये साधारण दहा-पंधरा टक्के ताकद खर्ची पडते. काही ठिकाणी ही घट अंदाजाने परत मिळवून क्रँकचा आकडा छापून देतात. म्हणून तारीख घेतानाच सांगून ठेवा: एकाच दिवशी, एकाच डायनोवर, रीमॅपआधी तीन रन (मोजणीच्या फेऱ्या) आणि नंतर तीन रन. थोडे जास्त पैसे लागतील, ते द्या.

निदान पंधरा दिवस आधी गाडी आपल्या नेहमीच्या फिटरकडे दाखवा. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे, ऑइल ताजं, इंटरकूलरच्या (टर्बोने इंजिनात दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजला चीर नाही ना ते हात फिरवून पाहिलेलं. होजवर बाहेरून तेलाचा ओलसर डाग दिसला तर तिथून हवा निसटत असण्याची शक्यता मोठी. लाखभर किलोमीटर झाले असतील तर इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे त्यातून किती डिझेल परत वाहतं याची चाचणी, करून घ्या. गाडीत काही बिघाड असेल तर रीमॅप तो झाकत नाही, उलट वाढवतो.

क्लचकडे मात्र जास्त लक्ष द्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गाडी आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेगाचा काटा मागेच रेंगाळला, तर क्लच स्लिप मारतोय. माझ्या गाडीचा क्लच रीमॅपआधी अगदी ठीक वाटत होता. ही परीक्षा मी तेव्हा घेतली नव्हती. रीमॅपनंतर खंबाटकी चढताना, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकदम चढला, गाडी होती त्याच वेगात राहिली, आणि जळक्या वासाने सगळ्यांनी काचा खाली केल्या. क्लचवर भार येतो तो टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा, तो एनएममध्ये मोजतात), पीएसचा नव्हे. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सची मर्यादा आधी माहीत करून घ्या. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० एनएमसाठी बनवलेला आहे, आणि व्हेंटोचं १.५ टीडीआय इंजिन कंपनीतूनच २५० एनएम देतं. तिथे वाढवायला जागाच उरत नाही.

आता कागद-पेन घेऊन बसा. आपल्याकडे घराघरात पोचलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन घेऊ. स्विफ्टमध्ये ते होतं, आणि टाटा-फियाटच्या गाड्यांसाठी रांजणगावला बनायचं. ७५ पीएस ४००० आरपीएमला, १९० एनएम २००० आरपीएमला. एनएमला आरपीएमने गुणून ७०२३ ने भागलं की पीएस मिळतात. म्हणजे २००० आरपीएमला हे इंजिन ५४ पीएस देतं. ४००० ला पीएस ७५ असले तरी टॉर्क १३२ एनएमवर उतरलेला असतो. समजा रीमॅपने टॉर्क वीस टक्क्यांनी वाढून २२८ झाला, तर २००० आरपीएमला ६५ पीएस. रोज जिथे आपण गाडी चालवतो तिथे ११ पीएस जास्त. एसटीला ओव्हरटेक करताना जाणवते ती हीच ओढ. म्हणून शिखराच्या आकड्यावर भाळू नका. १७५०, २०००, २५००, ३००० आणि ४००० आरपीएमच्या रेघा आधीच आखून ठेवा आणि दोन्ही आलेखांतले आकडे समोरासमोर लिहा. टर्बो डिझेलला वीस ते तीस टक्के वाढ सांगतात. पण वाढ सगळ्या पट्ट्यात सारखी नसते. १५०० च्या आसपास एकदम उंच सुळका उठला असेल तर मला ते आवडत नाही: इतक्या कमी आरपीएमवर जास्त टॉर्क म्हणजे कनेक्टिंग रॉडवर नको तेवढा ताण.

तुलना करताना एककं एक ठेवा. ७५ पीएस म्हणजे ७४ बीएचपी, १९० एनएम म्हणजे १९.४ किलोग्रॅम-मीटर. आणि पुण्याचा आलेख मुंबईच्या आलेखाशी ताडू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब सहा-एक टक्के कमी. डायनोवर यासाठी आकड्याला करेक्शन (वाढीव दुरुस्ती) लावतात, पण टर्बो ही तूट बरीचशी स्वतःच भरून काढतो, त्यामुळे करेक्शन लावलेला आकडा फुगू शकतो. करेक्शनशिवायचा आकडाही मागून घ्या.

आदल्या दिवशी टायरमधली हवा नेमकी करा, अर्धी टाकी डिझेल नेहमीच्या पंपावरून भरा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. ईसीयूमध्ये फाइल लिहिताना व्होल्टेज पडलं तर गाडी जागेवरच बसते, म्हणून तिथे चार्जर लावतात का ते विचारा. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. फक्त प्लग लावायचा टर्बो-बॉक्स घेत असाल तर तो काय करतो ते समजून घ्या: बहुतेक बॉक्स कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून दाखवतात, ईसीयू बिचारा दाब वाढवतो, आणि डिझेल जास्त जातं. मला तरी नीट लिहिलेला मॅप (ईसीयूतली फाइल) जास्त भरवशाचा वाटतो.

डायनोवर एकच गिअर, सहसा चौथा, कारण त्याचं गुणोत्तर एकास एकच्या जवळ असतं. पहिला रन गिअरबॉक्स गरम करण्यात गेला असं धरा. दोन रनच्या मधे पंखा चालू ठेवून गाडीला थंड होऊ द्या. इंटरकूलर तापला की आकडे पडतात, आणि दोष मॅपवर येतो. टेलपाइपकडे कुणाला तरी उभं करून मोबाइलवर चित्रण करा. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. वॉरंटी असेल तर ती जाते असंच धरा, विमा कंपनीला लेखी कळवा. बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं एकक) आहे, म्हणून रीमॅपच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पीयूसी करून आकडे जपा.

पाचशे किलोमीटर झाले की ती क्लचची परीक्षा पुन्हा घ्या, तोच रस्ता, तोच गिअर. ऑइलची पातळी बघा, होज पुन्हा चाचपा. सगळं जागेवर असेल तर सहाही रनचे आलेख तारखेसकट डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या सर्व्हिसला कंपनीच्या माणसाने ईसीयू अपडेट करून तुमचा मॅप पुसला, तर तेच दाखवून फाइल परत लिहून घ्यायची आहे.