घरात रेंज नाही? आधी एरोप्लेन मोड लावा

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं आमचं घर जुनं. खाली दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती, वर मागाहून चढवलेला स्लॅब. सोप्यात फोन खणखणीत, माजघरात एक कांडी, स्वयंपाकघरात तीही नाही. कित्येक वर्षं आमच्याकडं फोन घेतल्यावर पहिलं वाक्य 'थांब, परड्यात येतो' हेच असायचं. जुलैत तर छत्री घेऊन. ते एकदाचं मिटवलं आणि तेव्हापासून नात्यागोत्यात कुणाचीही रेंज गेली की बोलावणं मला. राजारामपुरीतले फ्लॅट झाले, फुलेवाडीतलं आत्तीचं पत्र्याचं घर झालं, ताराबाई पार्कातला आरशासारख्या काचांचा बंगलाही झाला.

फोन बंद-चालू करणं, सिम काढून पुसून परत घालणं हे सगळं तुम्ही केलंच असणार. पुढं चला.

आधी मोजा

कांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपापलं ठरवतो, त्यामुळं एकाच जागी एका फोनवर तीन आणि दुसऱ्यावर एक दिसते. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं जात 'सिग्नल स्ट्रेंथ' बघा. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं. आकडा उणे असतो. ४जीवर उणे ८५-९० म्हणजे उत्तम, उणे १०५ म्हणजे चालतंय, उणे ११५ च्या खाली आवाज तुटणारच. दहाचा फरक किरकोळ वाटतो, पण उणे ९० चं उणे १०० झालं म्हणजे पोचणारी ताकद दहावा भाग उरली. सगळ्या खोल्यांत फिरा आणि आकडे कागदावर लिहा. आमच्या सोप्यात उणे ९२ होता आणि बारा पावलांवर स्वयंपाकघरात उणे ११९. दोष टॉवरचा नव्हताच, मधल्या दोन दगडी भिंतींचा होता.

५जी बंद करून बघा

फुकटचा उपाय. ५जीची मोठी मदार ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यावर आहे आणि ती लहर भिंतीला लवकर हरते. ८५० किंवा ९०० चा पट्टा दगडातूनही बऱ्यापैकी आत शिरतो. प्रेफर्ड नेटवर्क ४जीवर आणा, परत मोजा.

दुसऱ्या कंपनीचं सिम घरात फिरवा

पाहुणा आला की त्याचा फोन घेऊन तेच आकडे लिहा. त्याच स्वयंपाकघरात दुसऱ्या कंपनीचा आकडा पंधरा-वीसनं चांगला आला, तर पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, आणि हा लेख इथंच बंद करा. १९०० वर एसएमएस पाठवायचा: इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून आपला नंबर. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावेत. आणि सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. सगळ्याच कंपन्यांची बोंब असेल तर पुढं वाचा.

बूस्टर घेऊ नका

दोन-चार हजारांत ऑनलाइन मिळणारा अँटेनावाला डबा कुणीतरी सुचवणारच. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सूट नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तो डबा टॉवरच्या दिशेनं नुसती खरखर फेकत बसतो. तुमच्या घरात चार कांड्या येतात आणि अख्ख्या गल्लीचे फोन कट व्हायला लागतात. फोनच्या पाठीवर चिकटवायचं सोनेरी स्टिकर तर शुद्ध लूट. तेवढ्या पैशात दोघांची मिसळ होते.

वायफाय कॉलिंग: इथंच सगळे अडकतात

घरात ब्रॉडबँड असेल तर खरा उपाय हाच. साधा कॉल, आपल्याच नंबरवरून, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायनं जातो. समोरच्याला काही लागत नाही आणि वेगळे पैसेही पडत नाहीत. आपल्याकडं एअरटेलनं हे २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओनं २०२० च्या जानेवारीत सुरू केलं. तरीही दहातल्या आठ घरांत मी जातो तेव्हा उत्तर ठरलेलं: "ते केलंय की, काय उपयोग नाही."

केलेलं काय असतं? सेटिंगमधलं एक बटण दाबलेलं. बटण दाबल्यानं काही होत नाही, कारण फोनला टॉवरचा धागा जरी मिळाला तरी तो त्यालाच लोंबकळत राहतो. उणे ११८ वर आवाज फाटतोय, शेजारी वायफाय फुल, आणि हा पठ्ठ्या टॉवर सोडायला तयार नाही. म्हणून बटणानंतर दोन गोष्टी करा. वायफाय कॉलिंगच्या पानावर 'कॉलिंग प्रेफरन्स' असेल तर तिथं वायफायला पहिली पसंती द्या. काही फोनवर हा पर्याय दडवलेला असतो, त्यावरचा तोडगा खाली आहे. आणि दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करा. माझ्या मामांनी तीन महिने चुकीच्या सिमवर चालू ठेवलं होतं.

आता परीक्षा. एरोप्लेन मोड लावा. टॉवर गेला. मग फक्त वायफाय चालू करा आणि मिनिटभर थांबा. वर कंपनीच्या नावाशेजारी वायफाय कॉलिंगची खूण आली पाहिजे. आली की कुणालाही साधा कॉल लावा. लागला तर तुमचं काम झालं, आणि ज्यांच्या फोनमध्ये पसंतीचा पर्याय नाही त्यांनी घरात असताना असाच एरोप्लेन मोड ठेवला तरी चालतं. माझे बँकेचे ओटीपीसुद्धा असेच येतात.

खूण आली नाही तर? इथं मी तीन संध्याकाळी घालवल्या. फोन रिसेट केला. कंपनीच्या दुकानात रांगेत उभं राहून सिम बदलून आणलं. तिथल्या पोरानं सांगितलं, "वायफायचा स्पीड वाढवून घ्या." हा सल्ला जो देईल त्याच्याकडून पुन्हा सल्ला घेऊ नका. एका कॉलला शंभर केबीपीएसच्या आसपास लागतात, तुमचा सगळ्यात स्वस्त प्लॅनही त्याच्या शेकडो पट असतो. शेवटी भाचा आला होता, त्याच्या फोनचा हॉटस्पॉट मी सहज जोडला, आणि एरोप्लेन मोडमध्ये खूण टपकन आली. म्हणजे फोन ठीक, सिम ठीक, गुन्हेगार राउटर. ही तपासणी सगळ्यात आधी करा, पाच मिनिटांची आहे.

वायफाय कॉल कुलूप लावलेल्या बोगद्यातून जातो. त्याला आयपीसेक म्हणतात, आणि त्यासाठी राउटरमधून डेटा जायच्या दोन वाटा, म्हणजे यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, उघड्या लागतात. केबलवाला राउटर बसवताना कधी कधी हे बंदच ठेवून जातो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो) आणि सिक्युरिटी किंवा एएलजीच्या पानावर 'आयपीसेक पासथ्रू' किंवा 'व्हीपीएन पासथ्रू' शोधून चालू करा. माझ्याकडं तेवढं एकच चौकट टिक करायचं राहिलं होतं. राउटरचं लॉगिन मिळत नसेल तर केबलवाल्याला बोलावून समोर बसवून हेच शब्द सांगा, 'रेंज येत नाही' म्हणू नका. तसं म्हटलंत तर तो प्लॅन बदलून जाईल.

यानंतर उरतं ते राउटरचं ठिकाण. फायबर रस्त्याकडनं येतं म्हणून राउटर सोप्याच्या खिडकीवर ठोकलेला असतो आणि स्वयंपाकघर कोरडंच. फोन वायफायच्या काठावर आला की कॉल ना धड वायफायवर राहतो ना टॉवरवर जातो, मधेच कट होतो. प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर इथं नको, तो अर्धवट सिग्नलच पुढं ढकलतो. भिंतीच्या कडेनं पंधरा मीटर लॅन केबल ओढा, टोकाला दुसरा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. माजघराच्या दारावरच्या भोकातून, जिथून पूर्वी अँटेनाची वायर जायची, तिथून आमची केबल गेली. आणि आतल्या खोल्यांत फोन २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ ची लहर दगडापाशीच थांबते.

लाइट गेली तर

राउटर बंद, कॉल बंद. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दोन हजारांत येतो, दोन-तीन तास ओढतो. त्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा.

तक्रार

१९८ ला करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या, उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडं अर्ज जातो, फुकट. आपल्या भागात टॉवर कुठं आहेत ते सरकारच्या तरंग संचार संकेतस्थळावर दिसतं. मोजलेले आकडे तक्रारीत घाला, 'नेटवर्क खराब' एवढंच लिहिलंत तर 'रीस्टार्ट करा' एवढंच उत्तर येतं.

आजीचा बटणांचा फोन राहिला. त्यात वायफायच नाही. तिच्यासाठी सोप्याच्या कोनाड्यात, जिथं उणे ९२ मिळालं होतं, खिळा मारून कापडी पिशवी टांगलीय. फोन त्यातच असतो, रिंग मोठी ठेवलीय, आणि वाजला की माजघरातून कुणीतरी ओरडतं, "आजी, पिशवी वाजतीय!"