जर्मन बी-वन: आधी पेपर सोडवा, मग वेळापत्रक करा

'जर्मन शिकायचंय' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कशासाठी? जोडीदाराकडे जर्मनीत राहायला जायचं असेल तर व्हिसासाठी सहसा ए-वन, म्हणजे भाषेची अगदी पहिली पातळी, पुरते. नर्सिंगला जायचं तर बी-टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत, मजल मारावी लागते. कारण पक्कं झालं की पातळी ठरते आणि पातळी ठरली की कामाला दिशा मिळते. नुसत्या 'शिकायचंय'वर क्लासची फी भरली जाते, पण दिवाळीनंतर वही कोरीच राहते.

मी इथे बी-वनचं, म्हणजे मधल्या, तिसऱ्या पातळीचं धरून सांगते. ग्योथं इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनच्या, परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशी चार मॉड्यूल्स, म्हणजे स्वतंत्र विभाग, असतात. प्रत्येकाला १०० गुण, आणि प्रत्येकात ६० मिळवावे लागतात. वाचनात ९० पडले म्हणून श्रवणातले ५० चालून जात नाहीत. तयारीची सगळी आखणी या एका नियमावर उभी राहते.

म्हणून वेळापत्रक करण्याआधी नमुना प्रश्नपत्रिका सोडवा. ती संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. घड्याळ लावून बसा: वाचनाला ६५ मिनिटं, श्रवणाला साधारण ४०, लेखनाला ६०. समजा वाचनात ७०, लेखनात ५५ आणि श्रवणात ४३ आले, तर पुढचे दोन महिने कुठे घालवायचे ते कुणाला विचारावं लागत नाही. तरीही बहुतेक जण व्याकरणाचे तक्ते पाठ करत बसतात, कारण ते जमतं आणि जमतं ते करायला बरं वाटतं. मला हे पाहून फार वाईट वाटतं. मेहनत खरी असते, पण चुकीच्या जागी पडते.

आता श्रवणाचंच घ्या. त्यात चार भाग असतात. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, मधले दोन एकदाच. 'रोज एक तास जर्मन ऐकणार' याला मी पायरी म्हणत नाही. 'मंगळवारी जेवण झाल्यावर दुसरा भाग एकदाच ऐकायचा, उत्तरं लिहायची, मगच ऐकलेल्याचा छापील मजकूर उघडायचा' ही पायरी झाली. मजकूर वाचताना जे शब्द माहीत असूनही कानाला कळले नाहीत त्यांच्याखाली रेघ मारा आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐका. अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचेच शब्द जास्त निसटतात, कारण बोलताना ते एकमेकांत मिसळून जातात. सोबत डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ लयीत वाचलेल्या बातम्या ठेवा. त्याही फुकट आहेत.

लेखनात तीन कामं असतात: मित्राला ८० शब्दांचा मेल, एखाद्या विषयावर ८० शब्दांत मत, आणि ४० शब्दांचा औपचारिक मेल. तिसरं छोटं म्हणून लोक सोडून देतात. तसं करू नका. साहेबांना लिहिताना 'झी'च्या (आदरार्थी 'आपण') जागी 'डू' ('तू') आलं तर लगेच खटकतं. आठवड्याला एक संच लिहा, कुणाकडून तरी तपासून घ्या आणि चुका एकाच पानावर उतरवत जा. त्याच त्या चार-पाच चुका परत परत दिसतील. पुढच्या आठवड्याचा व्याकरणाचा अभ्यास त्या पानावरूनच ठरवायचा.

संभाषण जोडीने होतं, तेव्हा सरावालाही जोडीदार हवाच. क्लासमधली एखादी ताई किंवा दादा गाठा आणि आठवड्याचा वार बांधून घ्या.

नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांनी चारही मॉड्यूल्स एकाच वेळी द्यायचा हट्ट धरू नये, ती सुटी सुटी देता येतात. सरावात सलग दोनदा ७० च्या वर गुण आले की ते मॉड्यूल देऊन मोकळं व्हावं आणि उरलेली ताकद राहिलेल्यांवर लावावी. नोंदणीची तारीख मात्र आधी पाहून ठेवा. जागा मर्यादित असतात, म्हणून उलटी मोजणी परीक्षेच्या दिवसापासून करू नका, नोंदणी सुरू होते त्या दिवसापासून करा.