स्लॅब भरायचाय? आधी झाकायचं प्लास्टिक वर चढवा

टेकू, लेव्हल, सळईचं अंतर हे सगळे बघतातच. साच्याच्या प्लेटांच्या फटी मात्र टेप लावून बुजवा. स्लरी, म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा, गळली की खालून खडी उघडी पडणार. प्लेटांना तेल पातळ लावा, तेही सळई अंथरण्याआधी. कव्हर ब्लॉक (सळई प्लेटपासून वर धरणारे ठोकळे) स्लॅबच्याच ताकदीच्या काँक्रीटचे हवेत, विटांचे तुकडे चालणार नाहीत. वरच्या सळयांना खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) द्या. वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलं तर काँक्रीट खाली बसताना सळईच्या डोक्यावर, तिच्याच रेषेत तडा जातो. तडे सळयांच्या अंतराने आले तर दुसरं कारण शोधत बसू नका.

आता प्लास्टिक. मागच्या खेपेला हेच राहिलं. फळी मारून (काँक्रीट सपाट करून) झाल्यावर शोधाशोध सुरू केली तर उशीर झालेला असतो, कारण तिरपे, साधारण समांतर तडे पहिल्या काही तासांतच पडतात. वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं पाणी जास्त झालं की पृष्ठभाग आकसतो. दर चौरस मीटरला तासाला एक लिटरच्या आसपास पाणी उडू लागलं की धोका. ऊन नाही म्हणून निर्धास्त राहू नका, वारा उन्हाइतकाच वाईट. म्हणून स्लॅबच्या क्षेत्रफळापेक्षा थोडं जास्तच प्लास्टिक, कडा दाबायला फळ्या आणि ते अंथरायला दोन माणसं, ज्यांना दुसरं काम नाही. हे सगळं पहिलं घमेलं पडण्याआधी वर हवं. आधी. जेवढा भाग फळी मारून झाला तेवढा लगेच झाका. रंधा मारायला (पृष्ठभाग घोटायला) तेवढाच उघडा, पुन्हा झाका. ओल्या स्लॅबवर तडा दिसलाच तर रंध्याने दाबून मिटवा. वरून स्लरी ओतली तर तडा फक्त लपतो.

निडल (काँक्रीट थरथरवून बसवणारा व्हायब्रेटर) दोन ठेवा, एक बंद पडतेच. एका जागी 5 ते 15 सेकंद, सरळ खाली, हळू वर. निडलने काँक्रीट पुढे ढकलू नका, खडी वेगळी होते.

वर पाणी चमकत असताना रंधा नाही. कोरडं सिमेंट तर अजिबात भुरभुरवू नका. नंतर धूळ सुटते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे येतात.

घट्ट झाल्यावर ओलं गोणपाट किंवा आळी (बांध घालून साठवलेलं पाणी), किमान 7 दिवस. मिश्र सिमेंट (फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेलं) किंवा कोरडी गरम हवा असेल तर 10. मध्ये वाळू देऊ नका. टेकू मुदतीआधी काढायचे नाहीत.

आणि प्लास्टिक वर गेलं का? नसेल तर मिक्सर चालू करू नका.