जुन्या पिकअपचं स्पीडचं मीटर बंद पडलंय? खर्च करायच्या आधी या चुका टाळा

काटा शून्यावर अडकला की "मीटर गेलं" म्हणायचं आणि नवीन आणायला निघायचं, ही सगळ्यात महागडी चूक, आणि ती मी स्वतः केलीय. द्राक्षाचा सीझन होता, रोज दिंडोरीहून क्रेट भरून नाशिकला यायचं, गाडी दोन तास गॅरेजला उभी करायला पण वेळ नाही, म्हणून नाशिकच्या द्वारका चौकाजवळून सरळ नवीन मीटर आणलं आणि बसवून टाकलं. काटा तसाच! नंतर मिस्त्रींनी खाली गिअरबॉक्सची केबल सोडून प्लास्टिकची छोटी गरारी माझ्या तळहातावर ठेवली, दात पार झिजून गुळगुळीत. "भाऊ, मीटर बिचारं काय करणार, त्याच्यापर्यंत फेराच पोचत नव्हता."

म्हणून आधी किलोमीटरचे आकडे फिरतात का ते बघा, हे जवळपास कुणीच बघत नाही. केबलवाल्या गाडीत काटा आणि किलोमीटर दोन्ही एकाच केबलवर चालतात. केबल मीटरमधलं लोहचुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी स्प्रिंगच्या विरुद्ध वळते आणि काटा वर चढतो, किलोमीटरची चाकं त्याच दांड्यावरच्या बारीक गरारींनी फिरतात. दोन्ही बंद असेल तर बहुतेक वेळा केबल नाहीतर खालची गरारी गेलेली असते. किलोमीटर चालू आणि काटा मेलेला, किंवा काटा बरोबर आणि आकडे थांबलेले, तर मात्र बिघाड मीटरच्या आतच आहे.

केबल तपासायला मीटरच्या मागून ती सोडा, सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला ठेवून कुणाला तरी दहा-पंधरा फूट ढकलायला सांगा, आणि आतली तार फिरते का बघा. फिरली तर खालचं सगळं ठीक. नाही फिरली तर खालून पण सोडा आणि तारेचं एक टोक चिमटीत धरून फिरवा, दुसरं टोक फिरलं नाही तर तार तुटलीय, फिरलं तर गरारी बघा. एकच मागचं चाक जॅकवर उचलून गिअर टाकून बघायच्या भानगडीत पडू नका, त्यात जीवाला धोका आहे आणि डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गरारींची पेटी) ते एकटं चाक दुप्पट फिरतं, म्हणजे मीटरवर जे दिसेल त्याला काही अर्थ नाही. आणि नवीन टाकलेली केबल पण लगेच तुटली तर मीटरचा दांडा जाम आहे का ते बघा, नाहीतर तिसरी पण तुटेल.

काटा नाचतो, डॅशबोर्डमधून किरकिर येते, तर तार कोरडी पडलीय किंवा कुठेतरी मुडपलीय. तार बाहेर काढून जमिनीवर सरळ ठेवा आणि बोटाने लोळवा, मुडपलेली तार मध्येच टुणकन उडी मारते, ती बदलाच. इथे दुसरी मोठी चूक होते, लोक वरून ऑइल ओततात. ते तारेवरून चढत मीटरमध्ये जातं आणि चांगलं मीटर खराब होतं. हलकं ग्रीस लावा, मीटरकडचा वीतभर भाग कोरडा सोडा. केबल आधीच गिअरबॉक्सच्या ऑइलने भिजलेली निघाली तर खालचं सील गेलंय, ते आधी. क्लचप्लेटच्या कामानंतर त्रास सुरू झाला असेल तर केबल परत बसवताना आवळून वळवलीय का, सायलेन्सरला चिकटलीय का बघा, हे फार वेळा होतं.

तुमच्या गाडीत केबलच नाही, वायरने स्पीड कळवणारा सेन्सर आहे, तर पहिल्यांदा फ्यूज, मग गिअरबॉक्सवरचा सॉकेट. पावसाळ्यानंतर पिना हिरव्या पडतात, आणि कांद्याच्या शेडजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेली वायर पण शोधावी. तीन वायर असतील तर बहुतेक एक सप्लाय, एक अर्थिंग, एक सिग्नल. मल्टिमीटरनेच तपासा, बल्ब लावून सेन्सर मारू नका. नंतर बसवलेला स्पीड गव्हर्नर (स्पीड ठरावीक आकड्यावर जाऊ न देणारं यंत्र) असेल तर त्याचा जोड सैल आहे का तेही बघा, बऱ्याचदा तो याच सिग्नलवर जोडलेला असतो. डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा पण सोबत वेडेवाकडे हलत असतील तर सेन्सरच्या मागे लागू नका, मीटरचं अर्थिंग तपासा.

काटा चालतोय पण आकडा पटत नाही, तर टायर आठवा. मोठ्या घेराचे टाकले की मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, आणि ते धोक्याचं. ओझरच्या पुढे सरळ रस्त्यावर एकाच स्पीडला गाडी ठेवा, शेजारी बसलेल्याला मोबाईलवर जीपीएसचा स्पीड बघायला सांगा, किंवा किलोमीटरच्या दगडांवर वेळ लावा: 1 किलोमीटरला 60 सेकंद म्हणजे 60 चा स्पीड, 72 सेकंद म्हणजे 50. खऱ्या 60 ला मीटर 64 दाखवत असेल तर ते बिघडलेलं नाही, कमी दाखवू नये म्हणून कंपन्या मुद्दाम थोडं जास्तच ठेवतात. ते "बरोबर" करायला काच उघडून काटा ओढून परत लावू नका, आतली स्प्रिंग केसासारखी असते, एकदा वाकली की मग खरंच नवीन मीटर घ्यावं लागतं.