टीम गप्प का झाली? टीम लीडरच्या या चुका टाळा

"माझी माणसं चांगली आहेत हो, पण स्वतःहून काही करत नाहीत." नव्याने टीम लीडर झालेल्या बहुतेकांची ही तक्रार असते. माझीही होती. मग प्रशिक्षण, बक्षिसं, सहली असे सगळे उपाय करून होतात. त्याआधी एक साधी तपासणी करा. टीममधली वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोहोचते? अडचण आली त्या दिवशी, की डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी? नेहमीच आदल्या संध्याकाळी कळत असेल, तर बिघाड आधी स्वतःच्या वागण्यात शोधा.

सगळं स्वतःच करत बसणं

जो सगळ्यांत चांगलं काम करतो त्यालाच बढती मिळते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टीम लीडर झाल्यावर मी सहकाऱ्यांचे रिपोर्ट रात्री बसून पुन्हा लिहायचो. त्यांत चुका असायच्या असंही नाही. 'तथापि'चं 'मात्र' कर, परिच्छेद वरखाली कर, तक्त्याचा रंग बदल, असले उद्योग. दोनेक महिन्यांनी एकाने अर्धवट रिपोर्ट पाठवला. शेवटच्या दोन भागांत नुसती शीर्षकं. विचारलं तर म्हणाला, "सर, तुम्ही परत लिहिताच ना, म्हणून ठेवलं तसंच." राग आला, पण तो खोटं काय बोलत होता?

चूक आणि आवड यांत फरक करा. आकडा चुकलाय? फाइल परत पाठवा आणि ज्याची आहे त्यालाच दुरुस्त करू द्या. शब्द आवडला नाही? सोडून द्या. सुरुवातीचे आठवडे जड जातात. तुम्ही अर्ध्या तासात उरकलं असतं त्या कामाला दीड दिवस लागतो आणि हात नुसते शिवशिवत राहतात.

मीटिंगमध्ये आधी आपलं मत सांगणं

"मला वाटतं महिनाअखेरपर्यंत होईल. कुणाला काही अडचण?" सगळे आपापल्या वहीत बघतात. तुम्ही समजता, होकार मिळाला.

ही शांतता किती महागात पडू शकते याचं टोकाचं उदाहरण विमान वाहतुकीत आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि 583 माणसं गेली. त्यांतल्या उड्डाणासाठी सुटलेल्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस. विमान वेग घेऊ लागलं तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाही का? झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. इंजिनिअरने विषय पुढे ताणला नाही. धुकं, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश अशी इतरही कारणं होती. पण पुढच्या काळात वैमानिकांसाठी 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' नावाचं प्रशिक्षण आलं, त्यामागे असेच अपघात होते. कनिष्ठाने शंका लावून कशी धरायची आणि ज्येष्ठाने ती ऐकून कशी घ्यायची, हे त्यात शिकवतात.

त्या इंजिनिअरची शंका प्रश्न होऊन आली, हे लक्षात घ्या. हाताखालचा माणूस बहुधा असाच बोलतो. "हे शुक्रवारपर्यंत जमेल ना?" असं कुणी विचारलं की त्याचा अर्थ पुष्कळदा 'जमणार नाही' असाच असतो. तिथे "जमेल, जमेल" म्हणून पुढे जाऊ नका. "तुला कुठे अडेल असं वाटतं?" हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. अंदाज हवा असेल तर प्रत्येकाला आधी कागदावर तारीख लिहायला लावा, मग सगळे कागद एकदम उघडा. तुमचा सगळ्यांत शेवटी.

वाईट बातमी आणणाऱ्यावरच डाफरणं

"आता सांगतोयस?" हे दोन शब्द पुरतात. पुढच्या वेळी तो 'आता'ही सांगत नाही. आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा, मग पुढचं बघा. उशीर का झाला ते नंतर, एकट्यात विचारता येतं.

एकाचा राग सगळ्यांवर काढणं

उशिरा येणारा एकच असतो आणि ईमेल जातं सगळ्या टीमला: 'सर्वांनी वेळ पाळावी.' वेळेवर येणारे दुखावतात. ज्याच्यासाठी ते लिहिलं, त्याला ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं वाटतं. अवघड बोलणं टाळायचा हा सभ्य दिसणारा मार्ग आहे, आणि तो मीही वापरलाय. त्या एकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोला. उशिरामागे काही खरं कारण असेल तर तेही तिथेच निघतं.

वाक्यातून स्वतःला गायब करणं

यासाठी मराठीने आपली फारच सोय करून ठेवली आहे. 'राहून गेलं', 'निर्णय घेण्यात आला', 'गैरसमज झाला'. कर्ता कुठेच नाही!

दुसऱ्या महायुद्धात, जून 1944 मध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याआधी दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती, मोहीम फसली तर जाहीर करण्यासाठी. 'सैन्य मागे घेण्यात आलं आहे' अशा अर्थाचं वाक्य त्यांनी आधी लिहिलं, मग खोडून 'मी सैन्य मागे घेतलं आहे' असं केलं. दोष असलाच तर तो एकट्या माझा, हेही शेवटी लिहिलं. मोहीम यशस्वी झाली आणि चिठ्ठी वापरायची वेळ आली नाही. घाईत त्यांनी तिच्यावर तारीखही चुकीची टाकली होती, 5 जुलै.

तुम्ही शेवटचं पाठवलेलं दिलगिरीचं ईमेल काढा आणि त्यात कर्ता सापडतो का बघा. 'आमच्याकडून राहून गेलं' हे अर्धंच झालं. 'मी तपासलं नाही' असं लिहा आणि टीमलाही सीसीमध्ये ठेवा.