आयबीएस: कांदा-लसूण, पोळी, वरण किती दिवस सोडायचं आणि परत कसं आणायचं

पोटात कळ येते, शौचाला जाऊन आलं की जरा बरं वाटतं. कधी जुलाब, कधी तीन-तीन दिवस कोठा साफ नाही, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातला बिघाड) निदान झालं की घरातला सल्ला ठरलेला: तिखट-तेलकट बंद. मग माणूस तुरीचं वरण, पोळी, दूध आणि सफरचंदावर येतो आणि पोट आणखीच फुगतं. या चारही पदार्थांत आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा असतात. त्यांना फॉडमॅप म्हणतात. त्या पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात. वायू सगळ्यांनाच होतो, पण आयबीएसमध्ये आतडं जास्त हळवं असल्याने तोच ताण दुखतो.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीच्या सुमारास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग नकोत, आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा. आणि गहू सोडण्यापूर्वी सीलिॲकसाठीची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेल्या पद्धतीनुसार फॉडमॅप जास्त असलेले पदार्थ २ ते ६ आठवडेच बंद ठेवायचे असतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि मुळात वजन कमी असलेल्यांनी आहारतज्ज्ञाशिवाय यात पडू नये.

या काळात पोळीऐवजी ज्वारी, नाचणी किंवा तांदळाची भाकरी. भात, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे चालतात. मल्टिग्रेन आट्यात बहुतेक वेळा गहूच जास्त असतो, तो नको. दुधी, गाजर, काकडी, वांगं, बटाटा घ्या. फ्लॉवर, मशरूम आणि बीट टाळा. फळांत संत्रं, पपई, अननस बरे. आंबा, सीताफळ, सफरचंद, कलिंगड थांबवा. केळं जरा करकरीत असतानाच खा, डाग पडलेलं नको. दूध बंद, दही आंबलं तरी लॅक्टोज (दुधातली साखर) पूर्ण जात नाही, त्यामुळे पेलाभर ताक निर्धास्तपणे पिऊ नका. पनीर बहुतेकांना चालतं, कारण लॅक्टोजचा बराच भाग निवळीबरोबर निघून जातो. राजमा, छोले, चणाडाळ बंद. मुगाची डाळ भिजवून, ते पाणी ओतून देऊन शिजवा आणि एका जेवणाला शिजलेली पाव वाटीच घ्या.

खरा अडथळा कांदा-लसणाचा. त्यातली त्रासदायक साखर, फ्रुक्टान, पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून आमटीत कांदा शिजवून नंतर फोडी वेचून काढल्या तरी उपयोग नाही, ती रश्शात उतरलेली असते. तेलात मात्र युक्ती चालते: दोन चमचे तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता, पाकळ्या पूर्ण काढून टाका आणि मगच मोहरी, जिरं, भाजी किंवा पाणी घाला. पाकळी आत राहिली आणि वर टोमॅटो पडला की सगळी मेहनत वाया. हे तेल लागेल तेवढंच ताजं करा. बाहेर साठवलेल्या लसणाच्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. कांद्याच्या चवीसाठी पातीचा फक्त हिरवा भाग वापरा. कांदा-लसूण मसाला बाजूला ठेवून गोडा मसाला घ्या, पण विकतचा असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. हिंगाच्या डबीवरही गव्हाचं पीठ लिहिलंय का पाहा. चिमटीभराने आयबीएसवाल्याचं फारसं बिघडत नाही, सीलिॲक असेल तर मात्र तो हिंग चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत बिनकांद्याचा स्वयंपाक नवा नाही. मात्र नैवेद्याची पुरणपोळी या काळात नको: चणाडाळ, गहू आणि वर वाटीभर दूध, तिन्ही एका ताटात.

इसबगोल बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हींत चालतो, कारण तो पाणी धरून ठेवतो. रोज अर्ध्या चमच्याने सुरुवात करा, आठवड्याने एक चमचा. पेलाभर पाण्यात ढवळून घट्ट होण्याआधी लगेच प्या, वर आणखी पाणी घ्या. कमी पाण्यात घेतला तर घशात किंवा आतड्यात अडकतो. गिळायला त्रास होत असेल त्यांनी घेऊच नये. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. गव्हाच्या कोंड्याने मात्र बऱ्याच जणांचा त्रास वाढतो.

पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल कळ आणि गुबाऱ्यावर उपयोगी पडतात. जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्या, चावू नका. ॲसिडिटी असेल तर जळजळ वाढू शकते. पोट साफ होण्याच्या चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. रोजची सवय म्हणून ते घेऊ नका, पोटात कळ येण्याचं ते स्वतःच एक कारण आहे.

आराम पडला की पदार्थ परत आणायचे; लोक नेमकं हेच टाळतात आणि वर्षानुवर्षं भाकरीवरच राहतात. चार-सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर हा आहार सोडून पूर्वीसारखं खा आणि डॉक्टरांना सांगा. फरक असेल तर एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात: पोळी असेल तर अर्धी, एक, दोन. तुरीचं वरण पाव वाटी, अर्धी, एक. दूध अर्धा कप, पाऊण, एक. बाकी जेवण तसंच राहू द्या. त्रास झाला की त्याच दिवशी थांबा, पोट शांत होऊ द्या; नाही झाला तरी पुढच्या पदार्थाआधी तीन दिवस मोकळे ठेवा. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा, एक सोसतो आणि दुसरा नाही असं होऊ शकतं. एका पोळीला काही झालं नाही, दुसरीला फुगलं, तर ताटात एक पोळी आणि बाकी भात-भाकरी. तीन-चार महिन्यांनी दुसरी पोळी पुन्हा करून बघा, सहनशक्ती बदलते.