"रडलो रे" आणि "आवाज गेलाय त्याचा": जुन्या बँडचा रियुनियन कॉन्सर्ट स्वतः कसा जोखायचा

एकाच मैदानातून, एकाच गेटने बाहेर पडलेले दोघे. एकाचा घसा बसलाय, डोळे लाल आहेत. तो म्हणतो, "रडलो रे, वीस वर्षं वाट पाहिली होती." दुसरा म्हणतो, "आवाज गेलाय त्याचा, उगाच पैसे घातले." गन्स एन' रोझेस हा अमेरिकन रॉक बँड २०१६मध्ये पुन्हा एकत्र आला, तेव्हापासून त्यांच्या दौऱ्यांवर ही दोन्ही मतं ऐकू येताहेत. १७ मे २०२५ला ते मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. त्या कॉन्सर्टला जे गेले नाहीत, त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता की विश्वास कुणावर ठेवायचा.

दोघांवरही ठेवता येतो, पण आधी थोडी तपासणी करावी लागते. मतं इतकी वेगळी का पडली याची बरीचशी कारणं मोजता येतात: मंचावर कोण होतं, गाण्याची पट्टी (स्वराची उंची) कोणती होती, लय किती होती आणि ऐकणारा मैदानात कुठे उभा होता. तिकीट काढण्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाहून मत बनवण्याआधी एवढं तरी पाहून घ्यावं.

आधी माणसं मोजा

कागदावर दोन रांगा करा. एका रांगेत तुमचा लाडका अल्बम ज्यांनी वाजवला त्यांची नावं, दुसऱ्या रांगेत आज मंचावर असलेल्यांची. गन्स एन' रोझेसच्या १९८७च्या पहिल्या अल्बमवर पाच जण होते: गायक अ‍ॅक्सल रोझ, गिटारवादक स्लॅश आणि इझी स्ट्रॅडलिन, बासवादक डफ मॅकेगन आणि ड्रमर स्टीव्हन अ‍ॅडलर. डिसेंबर २०१२मध्ये याच नावाचा बँड मुंबईत आला, तेव्हा त्या पाचांपैकी फक्त अ‍ॅक्सल होता. २०२५मध्ये अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ असे तिघे होते. त्यामुळे २०१२चा अनुभव घेतलेल्या माणसाला २०२५ म्हणजे पर्वणी वाटते, आणि जो इझीच्या रिदम गिटारवर वाढलाय त्याला ती अर्धवट भेट वाटते. दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे.

ड्रमर बदलला असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्या. गिटारवादक बदलला की सगळ्यांना दिसतो. ड्रमर बदलला की मात्र "काहीतरी कमी होतं" इतकंच लोकांना सांगता येतं. अ‍ॅडलरचा ठोका किंचित मागे झुलायचा, आणि पहिल्या अल्बमची सगळी मस्ती त्या झुलण्यात आहे. नंतरचे ड्रमर हाताने अधिक पक्के होते, पण गाणी सरळ रेषेत चालू लागली. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या २०१२ ते २०१७च्या पुनरागमनात मूळ ड्रमर बिल वॉर्ड नव्हता आणि कित्येक चाहत्यांनी ते शेवटपर्यंत मनापासून स्वीकारलं नाही. ती नाराजी हट्टाची नव्हती, तिला कानाचा आधार होता.

पट्टी तपासा, पण मूळ पट्टी माहीत करून घेऊन

"पट्टी खाली घेतली" हा आरोप सर्वांत जास्त होतो आणि निम्म्या वेळा चुकीचा असतो. मोबाइलवरचं साधं ट्यूनर अ‍ॅप किंवा घरची पेटी, दोन्हीपैकी काहीही चालेल. गाण्याच्या शेवटी गिटारचा लांबवलेला स्वर असतो, तो पकडा. मूळ रेकॉर्डिंगवरचा तोच स्वर पेटीवर शोधा, मग कॉन्सर्टच्या व्हिडिओतला शोधा, आणि दोघांत काळ्या-पांढऱ्या मिळून किती पट्ट्यांचं अंतर आहे ते पाहा. ट्यूनरवर एका पट्टीचा फरक म्हणजे १०० सेंट.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत पेटीच्या हिशेबाने पांढरी तीनला, म्हणजे ८२.४ हर्ट्झला असते. काळी दोनला उतरवली की ७७.८ आणि पांढरी दोनला आणली की ७३.४. नेमकी चूक इथे होते. गन्स एन' रोझेसच्या गिटारी १९८७च्या रेकॉर्डवरही बहुतेक गाण्यांत काळी दोनलाच जुळवलेल्या आहेत. आज मंचावर ट्यूनरने काळी दोन दाखवली तर अ‍ॅक्सलसाठी पट्टी उतरवली असा अर्थ होत नाही. सॅबथचं तर आणखी पुढे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी कारखान्यातल्या यंत्रात गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. तारा सैल असल्या की बोटांना कमी त्रास होतो, म्हणून १९७१च्या अल्बमपासून काही गाण्यांसाठी तो गिटार थेट काळी एकपर्यंत उतरवू लागला. त्या जाड, जड आवाजाचा वयाशी संबंध नव्हता.

दुसरी चूक व्हिडिओची. काही जण कॉपीराइटच्या यंत्रणेने पकडू नये म्हणून क्लिप टाकताना तिचा स्वर मुद्दाम थोडा वरखाली करतात. म्हणून एकाच क्लिपवर विसंबू नका. त्याच रात्रीच्या, वेगवेगळ्या लोकांनी टाकलेल्या किमान तीन क्लिप तपासा. तिन्हींमध्ये तेवढाच फरक आला तरच पट्टी खरोखर उतरवलेली आहे.

आणि उतरवली असेल तर? साठीच्या घरातल्या गायकाने एक-दोन पट्ट्या खाली येणं हा प्रामाणिकपणा आहे. आपल्याकडचे बुजुर्ग गवईदेखील वयानुसार पट्टी खाली आणतात आणि बैठकीत कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. खरी खटकणारी गोष्ट म्हणजे मूळ पट्टीचा हट्ट धरून वरचे स्वर आधीच भरून ठेवलेल्या ट्रॅकवर सोडणं. ते ओळखायची सोपी खूण अशी: कोरसमध्ये पाच-सहा आवाज ऐकू येतात आणि माइकपाशी तोंडं दोनच दिसतात.

अ‍ॅक्सलच्या बाबतीत तक्रार पट्टीची कमी आणि पोताची जास्त आहे. त्याच्या जुन्या आवाजात उंच स्वरावरही एक खरखर होती. ती टिकवायला छातीतून हवेचा मोठा दाब लागतो. दाब कमी पडला की स्वर तोच लागतो, पण पातळ आणि पोकळ. चाहते त्याला "मिकी माउस आवाज" म्हणतात ते यामुळेच. कार्यक्रमातलं दुसरं-तिसरं गाणं आणि शेवटून दुसरं गाणं लागोपाठ ऐका. सुरुवातीला पातळ आणि नंतर भरदार असेल, तर गळा तापायला वेळ लागला. उलट असेल, तर दमसास संपला. दोन्हीकडे सारखाच पातळ असेल, तर आता तोच त्याचा आवाज आहे, आणि तो चालत असेल तरच तिकीट काढा. खालच्या स्वरांत मात्र तो अजूनही भारदस्त लागतो, तिकडे लोकांचं लक्ष कमी जातं.

लय मोजणं त्या मानाने सोपं. स्नेअर ड्रमचा (कडक, खणखणीत वाजणाऱ्या ड्रमचा) ठोका बहुतेक रॉक गाण्यांत दर दुसऱ्या मात्रेला पडतो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. १५ सेकंद मोजून गुणाकार करू नका, कारण तिथे एका ठोक्याची चूक म्हणजे मिनिटाला ८ मात्रांची चूक. आवाज आणि पट्टी ठीक असूनही गाणं "मरगळलेलं" वाटलं, तर उत्तर बहुधा इथे सापडतं.

कुठे उभे होतात?

कुणीही मत दिलं की पहिला प्रश्न हाच विचारा. मोकळ्या मैदानात जागा बदलली की कॉन्सर्ट बदलतो.

अगदी पुढे, कठड्याला चिकटून उभं राहिलेल्याला चेहरे दिसतात, घाम दिसतो, स्लॅशची बोटं तारेवर किती लांब जातात ते दिसतं. पण मुख्य स्पीकर उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा आवाज त्याच्या डोक्यावरून पुढे जातो. त्याला मिळतो तो खाली ठेवलेल्या सबवूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) दणका, ड्रमचा आणि गिटार अ‍ॅम्पचा थेट आवाज. गायक दबतो. "शब्दच कळले नाहीत" ही तक्रार इथून येते. आणि गंमत अशी की "आयुष्यातला सर्वोत्तम दिवस" हेही इथूनच येतं.

मैदानाच्या मागे उलटं. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मंचापासून १०० मीटरवर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो, पडद्यावरचं चित्र मात्र त्याआधीच दिसतं. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. "लिपसिंक करत होता" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण मागच्या पट्ट्यात उभे असतात. मधल्या मनोऱ्यांवरचे स्पीकरसुद्धा मुख्य आवाजाशी जुळावेत म्हणून मुद्दाम उशिरा वाजवलेले असतात, त्यामुळे हा फरक जात नाही. शिवाय वारा फिरला की झांजांची आणि गिटारची धार येते-जाते.

चांगली जागा म्हणजे साउंड मिक्सर बसतो तो तंबू किंवा मनोरा, त्याच्या पुढे पाच-दहा मीटर. जो माणूस आवाज जुळवतोय तो तिथे ऐकून जुळवतोय. त्यातही मैदानाच्या अगदी मध्यरेषेवर उभं राहू नका. डाव्या-उजव्या सबवूफरचे आवाज त्या रेषेवर एकत्र येतात आणि बास फुगतो. चार-पाच मीटर बाजूला सरका, गिटार लगेच सुटी ऐकू येईल. सर्वांत महागड्या पट्ट्यातून ही जागा मिळेलच असं नाही, म्हणून तिकिटाआधी मैदानाचा नकाशा पाहा आणि मिक्सर कोणत्या पट्ट्यात येतो ते शोधा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २०००प्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावे लागतात. सवलतीचे दिवस मोजकेच. तीन तासांचा कार्यक्रम करणारा बँड उशिरा मंचावर आला की काही गाणी हमखास कापली जातात. "आवडतं गाणं वाजवलंच नाही" या रागात बँडचा वाटा किती आणि घड्याळाचा किती, हे सुरुवातीची वेळ पाहून ठरवा.

मोबाइलचे व्हिडिओ

फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, बास जवळजवळ खाऊन टाकतो आणि जवळचं माणूस आधी ऐकतो. फोन धरणाऱ्याशेजारी कुणी बेसूर ओरडत असेल तर व्हिडिओत गायकच बेसूर वाटतो. हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर नको. एकच गाणं, एकच रात्र, तीन वेगळ्या जागा, हा नियम इथेही पाळा. फक्त गायकाच्या माइकचा कोरडा आवाज काढून फिरवलेल्या क्लिप तर बाजूलाच ठेवा. वाद्यं आणि घुमारा काढून टाकला की भल्याभल्यांचा आवाज उघडा पडतो. उलट, अधिकृत प्रसिद्ध झालेल्या चित्रीकरणात नंतर दुरुस्ती झालेली असू शकते, म्हणून तेही पुरावा म्हणून धरू नका.

तयारी किती होती

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे दोन कार्यक्रम शेजारी ठेवून पाहिले की हा मुद्दा चटकन समजतो. १३ जुलै १९८५ला फिलाडेल्फियात लाइव्ह एड हा मदतनिधीचा कॉन्सर्ट. रिहर्सल जेमतेम, दोन पाहुणे ड्रमर. त्यातला फिल कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून काँकॉर्ड विमानाने आलेला. गायक रॉबर्ट प्लांटचा घसा बसलेला, जिमी पेजची गिटार बेसूर. २००४मध्ये लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली, तेव्हा बँडने आपला भाग त्यात घेऊ दिला नाही. मग १० डिसेंबर २००७, लंडनचा ओटू अरीना. बँड २२ वर्षांनी म्हातारा, पण अनेक आठवड्यांची तालीम, काही गाणी खालच्या पट्टीत आणि ड्रमवर बँडचा दिवंगत ड्रमर जॉन बोनम याचा मुलगा जेसन, ज्याला वडिलांचा प्रत्येक ठोका पाठ. तो कार्यक्रम आजही रियुनियनचा मानदंड मानला जातो. म्हणून जाहिरातीत वय शोधू नका, तालमीचे दिवस शोधा. दौऱ्याचा पहिला आठवडा टाळता आला तर टाळा.

तक्रारींची वर्गवारी

रांगा, पाणी, स्वच्छतागृहं, चिखल, समोर मोबाइल धरून उभा असलेला माणूस: या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या आयोजनाच्या खात्यात लिहा. तिकिटाचा राग वेगळा. ऑगस्ट २०२४मध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडच्या रियुनियन दौऱ्याच्या तिकीटविक्रीत रांगेत तासन्‌तास थांबलेल्यांना उभ्याच्या तिकिटाची किंमत दीडशे पौंडांच्या आसपासवरून साडेतीनशेच्या वर गेलेली दिसली. इतके पैसे मोजलेला माणूस पहिल्या सुरापासूनच हिशेब करत ऐकतो. त्याचं मत वाचताना तेवढी वजावट करा.

काही कार्यक्रमांना मात्र वरची कुठलीही मोजणी लावू नये. ५ जुलै २०२५ला त्यांच्याच गावी, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर सॅबथचे मूळ चौघे २००५नंतर पहिल्यांदा एकत्र वाजले, बिल वॉर्डसकट. पार्किन्सनने ग्रासलेला गायक ऑझी ऑस्बोर्न काळ्या सिंहासनावर बसून गायला. चारच गाणी झाली. स्वर काही ठिकाणी डगमगले, हे तिथे असलेल्यांनाही ऐकू आलं. १७ दिवसांनी तो गेला. गावातला माणूस गावाचा निरोप घेतोय तिथे ट्यूनर काढायचा नसतो.

स्वतः जाणार असाल तर वादकांसाठी मिळतात तसे १५ ते २० डेसिबल कमी करणारे इअरप्लग घ्या. फोमचे साधे बोळे वरचे स्वर जास्त कापतात आणि मग "साउंड घुसमटलेला होता" असं उगाच वाटतं. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा साधारण १५ मिनिटं आहे, कार्यक्रम चालतो तीन तास. त्याच रात्री लाइनअप, उभी राहिलेली जागा आणि लक्षात राहिलेली तीन गाणी एवढंच टिपून ठेवा. मत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहा, कारण कान बधिर असताना वरचे स्वर नीट आठवत नाहीत आणि व्हिडिओही नीट ऐकू येत नाहीत. कानातली शीळ दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा, वाट बघू नका.